डब्यात वाजेल ते पुस्तक

विश्रांतवाडीच्या चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत एक रेडिओवजा डबा मिळतो. पहाटे हरिपाठ आणि संध्याकाळी आरत्या लावणाऱ्या घरांसाठी तो असतो. वर चार ठसठशीत बटणं, मागे पेनड्राइव्हची खाच, बाजूला मेमरी कार्डाची. त्यात एमपी३ फाईल वाजते. बाकीच्या बहुतेक प्रकारांना तो दादच देत नाही.

आमच्या इमारतीतल्या काकांनी असा डबा घेतला तो मात्र आरत्यांसाठी नव्हे. काचबिंदूने त्यांची नजर गेली, आणि जन्मभर वाचत आलेल्या या माणसाला कादंबऱ्या हव्या होत्या. काकू मराठीच्या निवृत्त शिक्षिका. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देणारे बरेच स्वयंसेवक पुण्यात आहेत, त्यांतल्या त्या एक. त्यांची भाची ध्वनिसंपादक. ऑडिओबुकच्या स्टुडिओत बसून दिवसभर दुसऱ्यांचे श्वास कापते, असं तीच सांगते. ऑडिओबुकच्या फाईली संगणकावर दुसऱ्या प्रकारात बदलाव्यात की नाहीत, यावरून मावशी-भाचीचं जे जुंपलं होतं ते मी बसून ऐकलं. खाली त्यातलं निवडक दिलं आहे. क्रम मी लावलाय, आणि काही ठिकाणी राहवलं नाही म्हणून मध्ये तोंडही घातलंय.

काकू : पैसे भरून पुस्तक घेतलं, उतरवून घेतलं, कार्डावर टाकलं. डबा मख्ख. जणू आत काही नाहीच.

भाची : फाईल एम४बी आहे ना, मावशी. त्याला एमपी३ पाहिजे.

काकू : मग कर की एमपी३. तू रोज तेच करतेस.

भाची : मी रोज ते टाळते.

काकू : टाळतेस कशाला?

भाची : कारण तुझ्याकडे आलेला आवाज आधीच एकदा पिळून आलाय. स्टुडिओत आम्ही वेव्ह फाईलमध्ये रेकॉर्ड करतो. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज तासाला ६३५ एमबी जागा खातो. दहा तासांची कादंबरी एवढ्या वजनाची कोण उतरवून घेईल? म्हणून एएसी पद्धतीने तो दाबतात. ६४ केबीपीएसवर आणला की तासाला २९ एमबीसुद्धा लागत नाहीत. हे साधतं कसं, तर माणसाच्या कानाला जे जाणवणार नाही असा हिशोब निघतो ते टाकून देऊन. मोठ्या आवाजाला चिकटून आलेला बारीक आवाज, पट्टीच्या फार वरचं काही, असलं सगळं. टाकलेलं परत मिळत नाही. आता त्याचं तू एमपी३ केलंस की दुसरा हिशोब सुरू होतो आणि उरलेल्यातून आणखी टाकतो. वर पहिल्या दाबण्यात जी खरखर शिरली ती त्याला खरा आवाज वाटते, आणि ती जपण्यात तो जागा घालवतो.

काकू : मी करून बघितलं. मला तर काही फरक कळला नाही.

काकूंनी खरंच करून बघितलं होतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाईल बदलून देण्याची सोय असते. तिथे त्यांनी सगळ्यात मोठा आकडा निवडला, ३२०. दहा तासांचं २८८ एमबीचं पुस्तक जवळजवळ दीड जीबीचं झालं. आवाज होता तेवढाच राहिला, खरं तर नखभर खाली गेला.

काकू : मोठा आकडा म्हणजे चांगलं, असं कुणालाही वाटेल.

भाची : वाटतंच. मूळ ६४ चं असताना ३२० लिहून गेलेलं काही परत येत नाही. एकट्या माणसाचं वाचन आहे, त्यात तबला-पेटी नाही. मोनो ठेव आणि ६४ ठेव. दुसऱ्यांदा दाबलं जातंय म्हणून फार तर ९६. पण जागा वाचवायची म्हणून ३२ वर जाऊ नकोस. एमपी३ तिथे स, श, च यांचा चुरा करतं. या अक्षरांची बरीचशी धार वरच्या पट्टीत, चार हजार हर्ट्‌झच्याही वर असते, आणि काटकसर सुरू झाली की पहिली कात्री तिथेच लागते.

काकू : एवढं करूनही तुझं म्हणणं, बदलू नये.

भाची : शक्यतो नाही. काकांना फोनवरचं ॲप शिकव. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतं, बोटाखाली काय आलं ते फोन बोलून सांगतो. पुस्तक कुठे थांबलं होतं ते ॲप लक्षात ठेवतं, वेग कमी-जास्त करता येतो, प्रकरणं उलटता येतात. एम४बी ही नुसत्या आवाजाची फाईल नाही. आवाज, प्रकरणांची यादी, मुखपृष्ठ असं सगळं तिच्या पोटात एकत्र असतं. एमपी३ करताना आधी त्या यादीचाच बळी जातो.

काकू : तुझे काका अठ्ठ्याहत्तरचे आहेत. हात थरथरतो. काचेवर एकदा बोट टेकवायचं, दोनदा आपटायचं, हे शिकताना त्यांनी फोन दोनदा गादीवर फेकला. तिसऱ्यांदा फरशीवर फेकतील. बटण दाबलं की खट्‌ होतं ते त्यांना कळतं. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस बदलत बसू की एक फाईल बदलू?

इथे माझं मत काकूंच्या पारड्यात. ध्वनितंत्राची माणसं आवाज उत्तम कसा राहील ते सांगतात, आणि ते खरंच असतं. पण काकांपर्यंत न पोचलेल्या उत्तम आवाजाचं काय करायचं? एमपी३ हे तंत्र म्हणून म्हातारं आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत ते घडलं आणि १९९५ साली त्या फाईलींना हे नाव मिळालं. एप्रिल २०१७ मध्ये संस्थेने त्याचे परवाने देणं बंद केलं, तेव्हा एमपी३ मेलं अशा बातम्याही झळकल्या. प्रत्यक्षात पेटंटची मुदत सरली होती आणि ते सर्वांना फुकट झालं होतं. स्वस्तातल्या स्वस्त डब्यातही ते वाजतं त्यामागे हे एक कारण आहे.

काकू : आणि तुमच्या या ‘मूळ, मूळ’चं मला कौतुक नाही. आळंदी रस्त्यावर राहतो आपण. दरवर्षी माउलींची पालखी दिघी, कळस करत इथूनच फुलेनगरला जाते. ज्ञानेश्वरी आधी बोलली गेली. शके १२१२, म्हणजे १२९० साल. ज्ञानेश्वरांनी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतली. बोलण्याचं लिखाण झालं. मग पोथ्यांच्या नकला झाल्या. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ती छापली. मग कॅसेटी आल्या, सीड्या आल्या, आता डब्यात वाजते. ‘आहे तशीच ठेवा’ म्हणत बसले असते तर नेवाशाच्या खांबापाशीच राहिली असती.

भाची : आणि मधले नाथ का गाळलेस? तूच शिकवलंस मला. शके १५०६. नकलेची नक्कल, तिची आणखी नक्कल, असं होत होत पाठ इतके बिघडले की एकनाथांना जुन्या पोथ्या जमवून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. यात कुणी आपल्या ओव्या घुसडू नयेत असं बजावूनही ठेवलं त्यांनी. मी दुसरं काय म्हणतेय?

काकू : नाथांना जमवायला पोथ्या मिळाल्या त्या लोकांनी नकला केल्या म्हणून.

भाची : कबूल. पण बिघडलेल्या नकलेवरून आणखी नक्कल केली नाही नाथांनी, मागे मागे जात राहिले. तू काकांसाठी एमपी३ कर, माझी हरकत नाही. फक्त एम४बी पुसू नकोस. उद्या दुसरा डबा आला, त्याला तिसरंच काही हवं असलं, तर या एमपी३ वरून ते बनवायचं नाही. मूळ फाईलवरून बनवायचं. आणि पुष्कळदा बनवायचीही गरज नसते. एम४बीचं आडनाव बदलून एम४ए केलं की गाणी वाजवणाऱ्या बऱ्याच प्लेअरमध्ये ती चालते, आतला आवाज तसाच राहतो. एफएफएमपेग नावाचं फुकट साधन आहे, त्याला सांगितलं तर ते आवाजाला हात न लावता नुसती पेटी बदलून देतं. दहा तासांचं पुस्तक, काम होतं काही सेकंदांत. पुन्हा दाबायला बसलीस तर मात्र संगणकाला वेळ लागणार.

एवढ्यावर वाद मिटला असं मला वाटलं. पण खरी अडचण कार्ड डब्यात गेल्यावर सुरू झाली. आवाज चांगला येत होता. काका पहिल्या रात्री ऐकता ऐकता झोपले, सकाळी बटण दाबलं, आणि कादंबरी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू. हा डबा बंद झाला की कितवी फाईल चालू होती एवढंच लक्षात ठेवतो. त्या फाईलीत कुठे होतो ते त्याला आठवत नाही. दहा तासांची एकच फाईल म्हणजे दर सकाळी पहिलं पान.

भाची : म्हणजे तुकडे करावे लागणार.

काकू : केलेच आहेत. सहा-सहा मिनिटांचे शंभर. झोप लागली तर फार तर सहा मिनिटं मागे जातील.

भाची : घड्याळ लावून कापलेस? शब्दाच्या मधोमध कापले गेले असतील. शिवाय एमपी३ प्रत्येक तुकड्याच्या टोकांना जराशी मोकळी जागा जोडतं, तिथे उचकी लागल्यासारखं होतं.

काकू : होतं. ‘तो दाराशी आ’, मग गप्प, मग ‘ला’.

भाची : ऑडॅसिटीत उघडून शांततेच्या जागा शोधायला सांग. अर्ध्या सेकंदाहून मोठी शांतता म्हणजे बहुधा वाक्य किंवा परिच्छेद संपलेला असतो. तिथे काप. पाच मिनिटांचा तुकडा झाला काय, आठचा झाला काय, काय बिघडतं? आणि प्रकरण संपलं की तुकडा संपलाच पाहिजे.

काकू : आणि दुसरं. नऊनंतर एकदम एकतीस वाजतो. मध्येच चार. नावं मी नीट क्रमाने दिलीत.

भाची : क्रम लावताना डबा नावं बघतच नाही. कार्डावर ज्या क्रमाने फाईली उतरल्या त्या क्रमाने वाजवतो. सगळ्या एकदम निवडून ओढून टाकल्यास तर क्रम कसाही लागतो. नावाआधी ००१, ००२ असे तीन आकडे घाल, कार्ड रिकामं कर आणि क्रमाने एकामागोमाग एक चढव. कार्डही ३२ जीबीपर्यंतचंच घे. त्याहून मोठी कार्डं कारखान्यातून एक्सफॅट पद्धतीने आखून येतात, या डब्यांना जुनं फॅट३२ लागतं.

काकू : नावं मराठीत दिली होती. छोट्या पडद्यावर नुसते चौकोन उमटतात.

भाची : जुन्या यंत्रांना देवनागरी कळत नाही. रोमन लिपीत दे.

काकू : कशाला? त्यांना चौकोन दिसत नाहीत तसं रोमनही दिसत नाही. मी वेगळं केलंय. दर तुकड्याच्या सुरुवातीला माझ्या आवाजात सांगितलंय, ‘प्रकरण तिसरं, तुकडा दुसरा’.

भाची एकदम गप्प झाली. मग चिडली. कुणीतरी महिनाभर खपून वाचलेल्या पुस्तकात मध्ये मध्ये दुसऱ्याचा आवाज घालायचा, ही तिच्या धंद्यातली मोठीच आगळीक. शेवटी तोड तिनेच काढली. घोषणेची स्वतंत्र चिमुकली फाईल करायची आणि ती त्या तुकड्याआधी ठेवायची. पुस्तकाला धक्का नाही, काकांना पत्ता लागतो. फाईलींची संख्या तेवढी दुप्पट झाली.

काकूंनी घरी बसून जे केलं, त्याची जगभरात रीतसर पद्धत आहे. डेझी तिचं नाव. तिची संघटना १९९६ साली उभी राहिली. डेझी पुस्तक म्हणजे एक फोल्डर असतो. आत साध्या एमपी३ फाईली असतात आणि त्यांच्या जोडीला कुठल्या सेकंदाला कुठलं प्रकरण, कुठलं पान सुरू होतं याचा नकाशा. अंध विद्यार्थी ‘पान ११२’ असा आकडा दाबून थेट तिथे जातो. परीक्षेला बसणाऱ्याला याचं मोल कळतं, कारण वर्गात बाई ‘पान ११२ उघडा’ म्हणतात, ‘चार तास सतरा मिनिटं’ म्हणत नाहीत. भारतात अशी पुस्तकं एका जागी मिळावीत म्हणून २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं.

आमच्या भागाला हा विषय परका नाही. जवळच विद्यानगरात मीरा बडवे यांनी १९९६ साली सुरू केलेलं ‘निवांत अंध मुक्त विकासालय’ आहे. शाळा आणि वसतिगृह सुटलं की अंध मुलामुलींना पुढे कुणी वाली नसतो. त्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी, पुस्तकांसाठी आणि त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून तिथे काम चालतं. पदवीचं मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांची पुस्तकं ब्रेलमध्ये किंवा आवाजात सहसा बाजारात मिळत नाहीत. कुणीतरी बसून ती करावी लागतात.

काकू : आमच्या वाचणाऱ्यांच्या गटात एकीने अख्खा धडा व्हॉट्सॲपवर बोलून पाठवला. मुलाच्या प्लेअरमध्ये तोही वाजेना.

भाची : व्हॉट्सॲपचा बोललेला निरोप ऑपस पद्धतीत असतो. २०१२ साली प्रमाणित झालेली पद्धत आहे. थोडक्या जागेत माणसाचं बोलणं तिच्याइतकं नीट राखणारी दुसरी नाही म्हटलं तरी चालेल. २४ केबीपीएसलासुद्धा ऐकवतं.

काकू : एवढी चांगली आहे तर वाजत का नाही?

भाची : जुन्या यंत्रांना ती ठाऊकच नाही.

काकू : मग चांगली कशी?

याला भाचीने उत्तर दिलं नाही, आणि मला वाटतं तिच्याकडे ते नव्हतं.

खरी खणाखणी झाली ती कुलपावरून. काकूंनी घेतलेली काही पुस्तकं उघडी होती. काही मात्र विकणाऱ्याच्या ॲपबाहेर उघडतच नव्हती. फाईल संगणकावर दिसते, पण तिला कुलूप असतं आणि किल्ली ॲपपाशी. असं कुलूप काढणारी साधनं इंटरनेटवर मिळतात. काकूंना ती हवी होती.

भाची : ते मी करणार नाही. तयार झालेल्या एका तासाच्या आवाजामागे वाचणाऱ्याचे दोन-तीन तास असतात, माझे तेवढेच. उघडी फाईल एकदा सोसायटीच्या ग्रुपवर पडली की संपलं.

काकू : मी टाकणार आहे का ग्रुपवर?

भाची : तू नाही टाकणार. तुझ्याकडून एक मैत्रीण घेईल, ती टाकेल.

मी मध्ये म्हटलं, गाण्यांची कुलपं ॲपलच्या आयट्यून्सने २००९ सालीच काढून टाकली. गायक काही रस्त्यावर आले नाहीत.

भाची : गायकाला मैफल असते. पुस्तक वाचणाऱ्याला तिकीट काढून कोण ऐकतं?

काकू : का? शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर गावोगाव कथाकथन करत तेव्हा मैदानं भरत. व. पु. काळ्यांना ऐकायला लोक रांगा लावत.

भाची : ती त्यांचीच गोष्ट होती, मावशी. लेखक स्वतः सांगत होते. मी बोलतेय ते दुसऱ्याचं पुस्तक वाचून पोट भरणाऱ्यांबद्दल. आणि स्टोरीटेलसारख्या ॲपवर महिन्याची वर्गणी भरून ऐकतेस, ते तर तू विकत घेतलेलंही नसतं. २०१७ मध्ये ते इकडे आलं, मराठी पहिल्यापासून होतं, तेव्हापासून माझ्यासारख्यांना नियमित काम मिळायला लागलं. वर्गणीतली पुस्तकं उघडून ठेवून द्यायची म्हणजे ग्रंथालयाचं पुस्तक परत न करणं.

काकू : वर्गणीचं सोड. ते मलाही पटत नाही. जे घेतलंय त्याचं बोल. आणि कायद्याचंच बोलायचं तर ऐक. १९५७ चा कॉपीराइट कायदा, त्यातली २०१२ ची दुरुस्ती, कलम ५२. अपंग व्यक्तीला वाचता-ऐकता यावं म्हणून कुठलीही कृती तिला वापरता येईल अशा रूपात कुणीही करून देऊ शकतो. तिच्या खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी, संशोधनासाठी. त्यातून नफा कमवायचा नाही, एवढीच अट. आमच्या गटात हे सगळ्यांना पाठ आहे.

काकू म्हणतात ते खरं आहे. याबाबत भारत जगाच्या पुढे होता. अंधांसाठी पुस्तकांची रूपं करायला मोकळीक देणारा मराकेश करार जून २०१३ मध्ये झाला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. ती तारीख २४ जून २०१४. पुरेशा देशांनी मान्यता देऊन तो अमलात यायला सप्टेंबर २०१६ उजाडलं. कुलपाबद्दलचं कलम ६५ अ हेही २०१२ चंच. हक्क डावलायच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते सांगतं. पण कायद्याने ज्याला स्पष्ट मनाई केलेली नाही अशा कारणासाठी केलेल्या गोष्टीला ते आड येत नाही. अमेरिकेत १९९८ पासूनचा कायदा याहून कडक आहे. तिथे कुलूप तोडणं हेच मुळात बेकायदा, आणि अंधांसाठीची सूट दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते. आपल्या कायद्याने हेतू विचारला, हे मला शहाणपणाचं वाटतं. ॲपच्या अटी मात्र वेगळ्या. त्या मोडल्या तर विकणारा खातं बंद करू शकतो, आणि तिथे कलम ५२ कितपत कामाला येईल हे वकिलालाच विचारायला हवं.

भाची : कायदा काकांच्या बाजूने आहे, मान्य. तुझ्या बाजूने नाही. स्वयंपाक करताना तू तीच फाईल ऐकलीस तर?

काकू : डबा एकाच खोलीत वाजतो गं. मी काय कानात बोळे घालू?

भाची हसली, पण हेका सोडला नाही. कुलूप काढून द्यायला ती तयार झाली नाही ती नाहीच. काकूंनी मग ती पुस्तकं बाजूला ठेवली आणि दुसरा रस्ता धरला. ज्या पुस्तकांचे हक्क संपलेत ती स्वतःच वाचायची. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. हरिभाऊ आपटे आणि गडकरी १९१९ मध्येच गेले.

भाची : हे कर. फक्त एक लक्षात ठेव. पुस्तक मोकळं झालं म्हणून दुसऱ्याने केलेलं त्याचं रेकॉर्डिंग मोकळं होत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, प्रकाशित झाल्यापासून तोही साठ वर्षं.

काकू : म्हणून तर मी वाचणार.

भाची : घरी? लोहगावचं सुखोई उठलं की तुझं वाक्य संपलंच.

हे अतिशयोक्तीने म्हटलेलं नाही. विश्रांतवाडीत राहणाऱ्याला बोलणं अर्ध्यात थांबवून विमान जाऊ द्यायची सवय असते. पंख्याची घरघर एकसारखी असते, ती सॉफ्टवेअरला ओळखता येते आणि बऱ्यापैकी काढता येते. विमानाचा आवाज चढतो, उतरतो, त्याची पट्टी बदलते. तो काढायला गेलं की बोलण्याचीही साल निघते. भाचीचा सल्ला साधा होता. विमान आलं की थांब, गेलं की ते वाक्य पहिल्यापासून वाच, रेकॉर्डिंग चालूच ठेव, नंतर कापू. आणि रेकॉर्ड करायचं ते वेव्हमध्ये. काम पुरं झालं की फ्लॅक करून ठेवायचं. त्यात आवाजाचा कणही जात नाही, जागा मात्र साधारण निम्मी लागते. डब्यासाठीचं एमपी३ त्यावरून.

काकांच्या जुन्या कथाकथनाच्या कॅसेटींनाही तिने हाच नियम लावला. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून संगणकाच्या लाइन-इनला लावायची आणि कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू द्यायची. इथे घाई चालत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला नव्वद मिनिटंच लागतात. काकूंना टेपची सरसर काढून हवी होती. भाचीने सांगितलं, डब्यासाठीच्या प्रतीतून काढू, मुळातून काढायची नाही.

काकू : तुझं मूळ, मूळ ऐकून कान किटले. ठेवलंय मूळ. सगळ्या एम४बी, सगळे फ्लॅक.

भाची : कुठे?

काकू : पेनड्राइव्हवर.

भाची : एकाच?

काकू : मग दुसरा आण येताना. बत्तीसचाच आण, त्याहून मोठा डबा घेत नाही.

भाची : अगं, तो डब्यात घालायचाच नाहीये.

काकू : मला माहीत आहे. तुझ्या काकांच्या हाताला लागल्यावर ते घालणारच.